आल्गोट शोदीनचा खलनायक

"तो. तो बघा," दिग्दर्शक व्रेतब्लादने नदीकाठाने येणाऱ्या माणसावर सिगारेट रोखली. "डावा खांदा पुढे काढून चालतोय तो. भुवया बघा, गंजलेल्या तारेसारख्या. शोदीनसाहेब, तुमच्या पुस्तकातला माणूस पान फाडून बाहेर पडलाय हो. आणि मी याला हिवाळाभर स्टॉकहोमच्या नाटक कंपन्यांत शोधत होतो."

आल्गोट शोदीनने मान वळवली नाही. ती चाल ओळखायला त्याला डोळे लागत नव्हते. लहानपणी माळ्यावर पडल्या पडल्या, जिन्यावरच्या पावलांवरून तो ओळखायचा, आज पट्टा निघणार की नुसत्याच शिव्या.

"तो नट नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच तर."

"नदीत ओंडके सोडायचे दिवस आहेत. त्याला फुरसत नसेल."

"ओळखता तुम्ही त्याला?"

"गाव छोटं आहे," आल्गोट म्हणाला, आणि आपल्याच बुटांकडे बघत राहिला.

त्या माणसाने सगळं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात सारली आणि एकच प्रश्न विचारला, "शेवटी मी मरतो का?"

"हो. नदीत. ओंडक्यांखाली."

"नेहमीसारखंच," तो म्हणाला आणि कागदावर सही केली. हेल्मेर शोदीन.

व्रेतब्लादने सही वाचली, मग आल्गोटकडे पाहिलं. "नातेवाईक?"

"धाकटा आहे माझा," हेल्मेरनेच उत्तर दिलं. "माझ्याच हाताखाली वाढलाय."

काठावर उभी असलेली सगळी मंडळी एकदम डास मारायला लागली.

आल्गोट शोदीनची पुस्तकं स्टेशनावरच्या टपरीत विकली जात. लोक ती गाडीत चढताना घेत, उतरताना बाकावर विसरत, आणि पुढचा प्रवासी ती उचलून घरी नेई. राजधानीतले समीक्षक त्याचं नाव घ्यायचं झालं तर नाक दाबून घेत. पण त्यांच्या घरच्या स्वयंपाकिणींना त्याच्या पुस्तकांतली मारामारी तोंडपाठ असे. मारामारी लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दात कसा तुटतो, बरगडी आतून कशी वाजते, मुठीच्या कातडीत समोरच्याचा दात कसा अडकतो, हे तो असं लिही, की वाचणारा नकळत जिभेने आपले दात चाचपून पाही. स्वतः आल्गोटने जन्मात कोणावर हात उगारला नव्हता. घरात उंदीर मारायचा झाला तरी त्याची बायको मारायची.

पुस्तक कुठलंही असो, त्यात एक लाल भुवयांचा, डावा खांदा पुढे काढून चालणारा दांडगा माणूस असायचाच. तो एका किरकोळ पोराला भरपूर छळायचा, आणि शेवटच्या प्रकरणात ते पोर सगळी बाकी व्याजासकट चुकती करायचं. एका पुस्तकात तो पाइनच्या झाडाखाली चिरडला. एकात डांबराच्या कढईत पडला. एकात करवतीच्या गिरणीने त्याचे दोन भाग केले. पण वाचकांना सगळ्यांत आवडे ते नदीतलं मरण: तो पाण्यात पडतो, वर ओंडके जुळतात, आणि मग नुसते ओंडकेच दिसत राहतात. सिनेमावाल्यांनाही तेच आवडे.

गावात दर शरद ऋतूत नवं पुस्तक यायचं, आणि लोक ते शेवटच्या पानापासून वाचायचे. यंदा हेल्मेर कसा मेला, एवढंच बघायचं असे. दुकानात कोणीतरी विचारायचंच, "काय हेल्मेर, यंदा डांबरात म्हणे?"

"हो. गरम होतं," हेल्मेर म्हणायचा आणि तंबाखूचा डबा उचलून चालू पडायचा. त्यापलीकडे या विषयावर त्याच्या तोंडून कोणी अक्षर ऐकलं नव्हतं. त्याने पुस्तकं वाचली होती की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

बाप बर्फ फुटून नदीत गेला तेव्हा हेल्मेर सतरा वर्षांचा होता आणि आल्गोट अकराचा. घरात एक गाय, एक खोकणारी आई आणि एक डुक्कर. हेल्मेरने बापाचे बूट घातले, बापाची जागा घेतली आणि बापाचा पट्टाही घेतला. दूध सांडलं, पट्टा. कुऱ्हाड हरवली, ओला दोर. पुस्तक वाचताना चुलीतला जाळ विझला, तर जे हाताला लागेल ते. आणि मग ते डुक्कर. नोव्हेंबरमध्ये डुक्कर कापायचं, गळ्याखाली बादली धरायची आणि रक्त गोठू नये म्हणून हाताने ढवळत राहायचं; त्याच रक्तात पीठ कालवून हिवाळाभराची भाकरी व्हायची. हे काम घरातल्या धाकट्याचं. सुरी फिरली, डुकराने आल्गोटच्या डोळ्यांत पाहिलं, निदान आल्गोटला तसं वाटलं, आणि त्याच्या हातून बादली सुटली. अख्ख्या हिवाळ्याचं अन्न बर्फावर सांडून वाफा निघाल्या. हेल्मेरने त्याला त्याच लाल बर्फात लोळवून मारलं. आई मध्ये पडली तर एक तिलाही बसली. आल्गोटच्या डाव्या कानात काहीतरी फाटलं, आणि तेव्हापासून त्या बाजूचं जग लोकरीत गुंडाळल्यासारखं झालं. पुढे तीन हंगाम त्याने हेल्मेरच्याच टोळीत, तरंगत्या लाकडांवर उभं राहून, नदीतून ओंडके वाहवले, आणि एका पहाटे कोळशाच्या बोटीवर चढून जो गेला तो लेखक होऊनच परत आला.

आता सिनेमा. नायकाचं काम करणारा रूनार हा गोड चेहऱ्याचा मुलगा होता. बायका काठावर विणकाम घेऊन त्याला बघायला बसायच्या. पण ओंडका काय चीज असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पहिल्या ओंडक्यावर पाय ठेवला आणि ओंडका फिरला. दुसऱ्यावर ठेवला, तोही फिरला. तिसऱ्या वेळी त्याला ओंडके ओढायच्या लांब काठीच्या आकडीने कॉलरला धरून बाहेर काढावं लागलं.

"साहेब, हे लेकरू बुडेल," टोळीचा म्हातारा मुकादम मोडीन म्हणाला. "आणि याची आई आम्हाला विचारेल."

व्रेतब्लाद डोकं धरून बसला. चेहरे जवळून घेता येतील, ते काठावर उथळ पाण्यातही होईल. पण मारामारी दुरून, भर नदीत, चालत्या ओंडक्यांवरच हवी होती. रूनारच्या चणीचा, ओंडक्यावर उभा राहू शकेल असा माणूस हवा होता.

"चण म्हणाल तर," मोडीनने आल्गोटला खालून वर न्याहाळलं, "ही काय समोरच बसलीय. पोट जरा आत घ्यावं लागेल. तीन हंगाम केलेत यांनी. वाईट नव्हते. घाबरट होते, पण वाईट नव्हते."

सगळे हसले. हेल्मेर हसला नाही.

"मला चालेल," तो म्हणाला. "एक सांगून ठेवतो, साहेब. मारायचं ते मारू द्या. नाक फोडा, काय करायचं ते करा. पण मी पडणार नाही."

"म्हणजे? शेवटच तो आहे. तुम्ही पडता."

"पुस्तकात पडतो. नदीत मी पडलेलो नाही."

व्रेतब्लादला वाटलं, म्हातारा पैसे वाढवून मागतोय. मोडीनने त्याला बाजूला घेऊन समजावलं. या नदीवर ओंडके वाहवणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी पडलेला आहे. मोडीन स्वतः किती वेळा पडला, ते त्याने मोजणं सोडून दिलं. पण हेल्मेर नाही. बाप नदीत गेला त्या वसंतापासून आजपर्यंत त्याच्या बुटांत वरून पाणी शिरलेलं नाही. वरच्या धबधब्यापासून खाली समुद्रापर्यंत कोणालाही विचारा. त्याच्याकडे ना जमीन, ना पोरंबाळं. हे एवढंच आहे.

"मग बाहुला टाकू," व्रेतब्लाद म्हणाला.

"बाहुला तरंगतो. लोक हसतील."

व्रेतब्लाद आल्गोटकडे वळला. "तुमचा भाऊ आहे. काढा समजूत."

म्हणून त्या दुपारी आल्गोट हेल्मेरच्या घरी जेवायला गेला. गेर्दा वहिनीने उकडलेले बटाटे आणि खारी मासळी मांडली, कडक भाकरी मधोमध ठेवली, आणि दोघा भावांना समोरासमोर बसवून स्वतः दाराजवळ बसली. वेळ पडली तर बाहेरून कोणाला तरी बोलावता यावं, असा हिशेब.

"पुस्तकं आवडतात हो मला, भावजी," तिनेच सुरुवात केली. "पण करवतीची गिरणी जरा जास्त झाली. मला आठवडाभर त्यांच्या कमरेकडे बघवत नव्हतं."

"गोष्ट असते ती, वहिनी."

"हो ना. गोष्टच असते. पण भुवया ह्यांच्याच असतात."

हेल्मेर बटाटा सोलत होता. साल एका तुकड्यात, न तुटता, लांबच लांब. "काय सांगून पाठवलंय?" त्याने विचारलं.

"पडायचं सांगितलंय. एकदाच. उन्हाळ्याचं पाणी आहे, दादा, खाली होडी असेल."

"तुला काय हवंय?"

"सिनेमाला शेवट हवाय."

"सिनेमाचं सोड. धाकल्या, तुला काय हवंय?"

आल्गोटने काटा खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा प्रश्न या माणसाने विचारला नव्हता, आणि आता विचारला तर उत्तर जिभेवर तयारच होतं, एवढं तयार की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तुला पडताना बघायचंय," तो म्हणाला.

दाराजवळ गेर्दा वहिनीची खुर्ची करकरली.

हेल्मेरने सोललेला बटाटा आल्गोटच्या ताटात ठेवला. "मग पाड," तो म्हणाला. "कागदावर पुष्कळ पाडलंस. ये आणि पाड. मी आपणहून पडणार नाही, आणि धरूनही ठेवणार नाही कशाला. जेव आता."

दुसऱ्या दिवशी गाव झाडून काठावर आलं होतं. आल्गोटच्या अंगात रूनारचा निळा सदरा, पायात तळाला खिळे ठोकलेले बूट. सदऱ्याचं पोटावरचं बटण लागत नव्हतं म्हणून वरून पट्टा आवळलेला. भर नदीत साखळीने अडवलेल्या ओंडक्यांचा तांडा संथपणे हलत होता. होडीने दोघांना तिथे सोडलं. काठावरून व्रेतब्लादचा कर्णा ओरडला: ठोसे हवेत मारा, दुरून कळत नाही; रक्ताची बाटली हेल्मेरच्या खिशात आहे; मी हात खाली केला की सुरू.

आल्गोटने पहिला ठोसा हवेत मारला. हेल्मेरने मान मागे नेली नाही.

"दादा, मान मागे घे ना."

"कशाला? लागलंच नाही."

दुसराही हवेत गेला. हेल्मेर हात खाली सोडून उभा होता, दुकानात सुट्ट्या पैशांसाठी थांबावं तसा. "मोडीन बघतोय," तो म्हणाला. "अख्खं गाव बघतंय. एवढी वर्षं त्यांना लिहून कळवलंस कसं मारायचं ते. आता दाखव."

तिसरा ठोसा नाकावर बसला. आल्गोटने असंख्य वेळा लिहिलेला आवाज आला, फक्त तो लिहिण्यापेक्षा ओला होता. हेल्मेरच्या ओठांवरून रक्त हनुवटीवर आलं. खिशातली बाटली खिशातच राहिली. हेल्मेरने एकदाच उलट मारलं, बरगडीत, फार जोरात नाही, आणि आल्गोटच्या तोंडून जो श्वास निघाला तो अकरा वर्षांच्या पोराचा होता.

मग आल्गोट थांबला नाही. त्याने कानशिलात मारलं, डाव्या कानावर, मुद्दाम डाव्या. ओठ फुटला. भुवई फाटली आणि लाल भुवई आणखी लाल झाली. एका ठोशाला आल्गोटच्या बोटांच्या मागची कातडी दातावर चिरली आणि हेल्मेरचे पुढचे दात मोडले. दोघांचं रक्त एकाच सदऱ्यावर उडालं. आल्गोट मारत होता आणि काहीतरी बडबडत होता. आपण काय बोलतोय हे त्याला उजव्या कानाने ऐकू आलं तेव्हा कळलं.

"ढवळ," तो म्हणत होता. "ढवळ, ढवळ, ढवळ."

हेल्मेरचा एक डोळा मिटत चालला होता. पायांखाली ओंडका फिरत होता आणि त्याचे पाय, अंगाचा त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखे, आपले आपले छोटी पावलं टाकत ओंडक्याला ताळ्यावर ठेवत होते. ते बघून आल्गोट आणखी पेटला. एवढा मार खाऊनही याचे पाय शुद्धीवर होते.

"आठवतंय तुला?" आल्गोट ओरडला.

"आठवतंय," हेल्मेर तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला. "त्या हिवाळ्यात आईला काय घालू, हे मला कळत नव्हतं."

"म्हणून मला?"

"तूच समोर होतास."

आल्गोटने दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धडक दिली. हेल्मेर एक पाऊल मागे गेला, शेजारच्या ओंडक्यावर, जिन्याची पायरी उतरावी तितक्या सहज. धडकेचा जोर मात्र आल्गोटला पुढे घेऊन गेला. बुटाचे खिळे साल सुटलेल्या गुळगुळीत लाकडावर घसरले, दोन ओंडक्यांमधली काळी फट उघडली, आणि कमरेपर्यंत तो तिच्यात जाणार तोच मागे पट्ट्याला हिसका बसला.

हेल्मेरने पट्टा पकडला होता. एका हाताने. वरच्या बाजूने ओंडके सरकत येत होते. ते येऊन टेकले असते तर आल्गोटच्या कमरेचं करवतीच्या गिरणीसारखंच झालं असतं. त्याला ओढून काढायला दोन हात हवे होते, आणि दोन हातांनी ओढायला पाय कुठेतरी रोवायला हवे होते, आणि रोवायला तिथे काही नव्हतं. हे सगळं हेल्मेरला आल्गोटच्या आधी कळलं असणार. छत्तीस हंगाम तो हेच करत आला होता. त्याने दुसरा हातही पट्ट्याला घातला, धान्याचं पोतं गाडीवर फेकावं तसं भावाला ओंडक्यांवर फेकलं, आणि त्याच झोक्याने स्वतः पलीकडे पाण्यात गेला.

वर ओंडके जुळले.

आल्गोट पालथा पडून त्या ओंडक्यांकडे बघत होता. वाचकांचा आवडता शेवट त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. लाकूड, साल, थोडा फेस. पुस्तकात यानंतर एक कोरी ओळ असे आणि मग लग्न. त्याने नखं फटीत घातली आणि ओंडके फाकवायला लागला. दोन टनांचं लाकूड नखांनी फाकत नाही, हे मोडीनच्या टोळीतलं शेंबडं पोरही सांगेल. आल्गोट "दादा" म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. काठावरून कर्ण्यातून आवाज येत होता, "अप्रतिम, असेच पडून राहा, हलू नका."

बरंच खाली, साखळीच्या पलीकडच्या अंगाला, पाण्यातून एक हात वर आला आणि साखळीच्या कडीत अडकला. मग डोकं आलं. होडी तिकडे धावली.

व्रेतब्लाद आनंदाने स्वतःभोवती फिरत होता. त्याने कसं पकडलं, बघितलंत, मरता मरता कसा पट्ट्याला धरून खाली ओढत होता, असा खलनायक स्वीडनने पाहिला नसेल. पण काठावरच्या माणसांना ओंडके वाचता येत होते. कोण घसरलं आणि कोणी कोणाला कुठे फेकलं, ते त्यांना कर्ण्याशिवाय कळलं होतं. एरवी कोणी पडला की टोळी त्याची महिनाभर टिंगल करायची, नवं नाव ठेवायची, त्यावर चार ओळी जुळवायची. हेल्मेर होडीतून उतरून चिखलातून वर आला तेव्हा मोडीनने टोपी काढली, मग कोणी बघितलं असेल असं वाटून त्याच टोपीने डास हाकलले आणि ती पुन्हा घातली.

हेल्मेर दगडावर बसला. त्याने एक बूट काढला, उपडा केला. बरंच पाणी निघालं. ते संपेपर्यंत तो बघत राहिला. मग दुसरा बूट. मग तसाच अनवाणी उठला, टोळीची काळी किटली उचलली आणि नदीत बुडवली.

"अरे, हे काय," व्रेतब्लाद म्हणाला. "बसा तुम्ही. आमच्याकडे माणसं आहेत त्याला."

"राहू द्या, साहेब," मोडीन म्हणाला. "जो पडतो, तो सगळ्यांना कॉफी करून पाजतो. टोळीचा नियम आहे."

आल्गोट एव्हाना काठावर आला होता. निळा सदरा खांद्यापासून फाटला होता, उजव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना टेकली होती. तो गर्दीतून वाट काढत चुलीशी गेला आणि किटलीच्या कडीला हात घातला.

"मी करतो," तो म्हणाला. "मी पडलो होतो. सगळ्यांनी बघितलंय."

हेल्मेरने एका उघड्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं, आणि हनुवटीवरून थोडं लाल.

"बस खाली, धाकल्या," तो म्हणाला. "तू कोरडा आहेस."

आल्गोट बसला.

कॉफी उकळली. हेल्मेरने ती ज्येष्ठतेनुसार वाटली: आधी मोडीन, मग टोळी, मग गेर्दा, मग कॅमेऱ्याची माणसं, रूनार, व्रेतब्लाद, आणि मग आल्गोट. सुजलेल्या बोटांत आल्गोटला कपाचा कान धरता येईना, म्हणून हेल्मेरने त्याची कॉफी बशीत ओतली आणि बशी त्याच्या शेजारी दगडावर ठेवली. शेवटी स्वतःची घेतली. इथे सगळे पितात तसा साखरेचा खडा पुढच्या दातांत धरून त्यावरून कॉफी प्यायला म्हणून त्याने खडा तोंडात घातला. तो धरायला पुढे काही उरलं नव्हतं. त्याने खडा बाहेर काढला, थोडा वेळ बोटांत धरून पाहिला, आणि कपात टाकून काडीने ढवळत बसला.